धाकट्याच्या नावावर

बोका चिका, ३ सप्टेंबर २०१८

धाकट्या,

फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतोस, म्हणून पत्र. चिचीच्या हाती देतोय. त्याची मिनीबस आमच्या बेसबॉल अकादमीच्या फाटकावरून निघते आणि लॉस मामेयेसला तुझ्या दारासमोर थांबते, म्हणजे टपालापेक्षा बरा. वाटेत उघडून वाचेल म्हणशील, तर त्याला वाचता कुठे येतंय!

तुझा निरोप पोचला. कसा पोचला ते ऐक. दुपारी पोरांचा सराव चालला होता, मी उन्हात उभा राहून एकेकाचा खांदा बघत होतो, आणि या गधड्यानं रस्त्यात बस थांबवली आणि भरल्या बसमधून ओरडला, "ओ कोच! मयतानं सांगितलंय, निकाउरीची परीक्षा जूनमध्ये आहे! बापाच्या नावाचा कागद पाहिजे! यंदा नाही जमलं तर तो स्वतः इथे येणार म्हणे!" आमचा मॅनेजर अमेरिकन, त्याला स्पॅनिश कळत नाही, हे माझं नशीब. "कोण मेलं, कोच?" एका पोरानं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही मेलं, तू चेंडू टाक.

तू इथे येऊ नकोस. हात जोडतो. फाटकावर शिपाई नाव विचारतो आणि वहीत लिहून घेतो. तू काय सांगणार? विल्किन पेगेरो? विल्किन पेगेरो आत कोच आहे. एलिहिओ पेगेरो? तो २००२ साली वारला, त्याचा दाखला आहे. आणि वर आपले चेहरे हे असे, एका साच्यातले. शिपाई आंधळा नाही.

चेष्टा करतोय असं वाटेल. नाही रे. एकोणीस वर्षं झाली मी तुझं नाव घालून फिरतोय. तुझ्या वाढदिवसाला केक कापतो. चाळीस पूर्ण झाली तरी लोकांना छत्तीस सांगतो. मैदानावर मागून कुणी "विल्किन!" म्हणून हाक मारली की मी वळतो, आणि वळता वळता दर वेळी वाटतं, मागे तू उभा आहेस. अजून एकदाही नव्हतास. 

तुझ्या पोरीचं, निकाउरीचं, मी बघतो. बघतो म्हटलं ना, म्हणजे बघतो. फक्त हा हंगाम संपू दे. तोवर कुठल्या कचेरीत जाऊ नकोस आणि कुणापाशी तोंड उघडू नकोस.

आईच्या दुसऱ्या वर्षाच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी आलो नाही, त्याचाही राग असेल. काम होतं.

तुझा थोरला


बोका चिका, ३० ऑक्टोबर

धाकट्या,

सापडलं! मार्ग सापडला, आणि इतका सोपा की माझ्याच टाळक्यात एक टपली मारून घ्यावीशी वाटली.

एका वकिलाला गाठलं. "एका मित्राची गोष्ट आहे," म्हणत गोल गोल विचारलं. तो म्हणाला, आई परागंदा असेल तर बाप एकटाही मुलीच्या जन्माची नोंद करू शकतो. बापाचं ओळखपत्र, दोन साक्षीदार आणि घरी बाळंतपण केलेल्या सुईणीचा शब्द, एवढंच लागतं. अर्ध्या दिवसाचं काम. निकाउरीची आई नावेत बसून पोर्तो रिकोला गेली ती गेलीच, हे सगळ्या गावाला माहीत आहे. सुईण जिवंत आहे. राहिलं बापाचं ओळखपत्र. ते माझ्या खिशात आहे!

मी जातो आणि सांगतो, ही माझी मुलगी. विल्किन पेगेरोची मुलगी निकाउरी पेगेरो. अरे, विचार कर, त्या कागदावर जे लिहिलं जाईल ते अक्षर न् अक्षर खरं असेल! ती विल्किनचीच मुलगी आहे. फक्त सही माझ्या हातची. पोरगी परीक्षेला बसेल, पुढे शिकेल. उद्या मी तिला अमेरिकेतही नेऊ शकेन, माझी मुलगी म्हणून.

यानिराला यातलं काही सांगायची गरज नाही. तिला वाटतं तिनं विल्किनशी लग्न केलंय. न्यू जर्सीत तिच्या घराच्या भिंतीवर आमच्या पोराचं नाव रंगवलंय, 'विल्किन धाकटा'. रविवारी फोनवर तो विचारतो, "बाबा, माझं नाव तुमच्यासारखंच का ठेवलं?" मी म्हणतो, आवडलं म्हणून.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला कुठलाही दिवस सांग. पोरीला नवा फ्रॉक घे.

तुझा थोरला


बोका चिका, १४ नोव्हेंबर

धाकट्या,

पत्र परत मिळालं, चार तुकड्यांत. चिचीनं निरोपही दिला, अगदी तुझा आवाज काढून: "नाव नेलंस. आता पोरगी ने. मग शेळी आहे, तीही ने. पुढच्या खेपेला दोरी घेऊन ये." बसमधल्या बायका खो खो हसत होत्या. मला हसू आलं नाही.

आणि एका तुकड्याच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, फार सुरेख अक्षर: "काका, बाबांना वाचता येत नाही, तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. मला तुमची मुलगी व्हायचं नाही. मला बाबा आहेत. निकाउरी."

मला वाटायचं, तू दुकानवाल्याकडून वाचून घेत असशील. म्हणजे माझं सगळं, ते 'टाळक्यात टपली' वगैरे, या पोरीनं बापासमोर बसून मोठ्यानं वाचलं!

तर निकाउरी, आता तू वाचतेच आहेस तर सरळ तुलाच सांगतो. तुझ्या बापानं सांगितलं असेलच, पण माझ्या तोंडूनही ऐक.

१९९९ साली मी एकवीस वर्षांचा होतो आणि माझ्या हातातून चेंडू असा सुटायचा की झेलणाऱ्याचा तळवा सुजायचा. पण एकवीस म्हणजे म्हातारा. क्लबांना सोळा-सतराची पोरं लागतात. आमच्या भागात डॉन फेलो नावाचा बुस्कोन होता, म्हणजे पोरं हेरून, त्यांना खाऊपिऊ घालून, शिकवून क्लबांपुढे उभं करणारा माणूस. तो म्हणाला, "तुझा धाकटा सतराचा आहे ना? त्याचा जन्मदाखला घे. त्याचं पुढे बघू, त्याला दुसरा कागद करून देऊ." गावोगाव असंच चालायचं. पाप केल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं. लोक म्हणायचे, एकाच घरातलं नाव, या खिशातून त्या खिशात.

मग २००२ साली अमेरिकेहून वयं तपासायला माणसं गावोगाव फिरायला लागली. मी तेव्हा तिकडे खेळत होतो. आपल्या घरी टाय लावलेला एकजण आला. तुझा बाप उसात लपला होता. त्या टायवाल्यानं आजीला विचारलं, मुलं किती? आजी म्हणाली, "दोन. विल्किन अमेरिकेत आहे." आणि थोरला? आजी घाबरली. म्हणाली, "थोरला गेला." त्यानं वहीत लिहिलं. मग डॉन फेलोनं कुठूनतरी मृत्यूचा दाखला आणला आणि स्मशानात एक क्रूसही रोवला. माझ्या नावाचा. तुझा बाप संध्याकाळी उसातून बाहेर आला तेव्हा दोन्ही नावं संपलेली होती. एक माझ्याकडे, एक मातीत. दुकानासमोर डॉमिनो खेळणाऱ्यांनी त्याच रात्री त्याचं बारसं केलं: मयत. आपल्या लोकांना कशाचंही हसू येतं.

हे आजीनं आणि डॉन फेलोनं ठरवलं. मी लांब होतो. तुझ्या बापाचा कोपरही तेव्हा दुखावलेला होता, नाहीतर त्यालाही कुणी घेतलं असतं.

एवढंच. कागदाचं बघतो.

काका


बोका चिका, २१ जानेवारी २०१९

धाकट्या,

नवीन वर्षाचं पत्र उशिरा लिहितोय. कारण तुला कळलंच असेल, चिचीनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाजवत नेलं असेल.

मला बोलावणं आलंय. वरच्या संघात, अमेरिकेत, राखीव पिचर्सचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा, कोच. आठ वर्षं या पोरांच्या खांद्यांना बर्फ लावतोय त्याचं फळ. नवा व्हिसा लागेल. १८ मार्चला सकाळी आठ वाजता दूतावासात मुलाखत आहे.

निकाउरीच्या परीक्षेची यादी मार्चअखेरीस बंद होते, तेही ठाऊक आहे. गेल्या वर्षी तिचं नाव यादीत घेतलं नाही, तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या आणि ती त्याच बाकावर पुन्हा बसलीय, तेही ठाऊक आहे. पण तू माझ्या जागी उभा राहून बघ. मी आज कचेरीत जाऊन "मी एलिहिओ" म्हटलं की व्हिसा गेला, नोकरी गेली, यानिराकडे जायची वाट बंद झाली. माझ्या पोराला फोनवर काय सांगू? की तुझं नाव तुझ्या चुलत्याचं आहे?

एक वर्ष दे. एकच हंगाम. तिकडे नीट बसलो की चांगला वकील करतो, सगळं निस्तरतो. पोरगी हुशार आहे, एका वर्षानं काय बिघडतं?

हे वाक्य लिहिलं आणि खोडणार होतो. राहू दे. असं मला वाटतं खरं, मग लपवून काय उपयोग.

मला इथे कुठलं काम देतात तुला माहीत आहे का? नवी पोरं आली की मला त्यांच्यासमोर उभं करतात. मनगट बघ, गुडघे बघ, मान बघ आणि सांग, हा खरोखर सोळाचा आहे का. माझी त्यात ख्याती आहे. मॅनेजर म्हणतो, "विल्किनच्या डोळ्यांतून कुणी सुटत नाही." सहा पोरांना मी घरी पाठवलंय. सहावा जाताना रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं असं मला उगाच वाटलं. त्या दिवसापासून मी आरशात दाढी करत नाही, चाचपून करतो.

माझा खांदा कापला तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचा खांदा इतका झिजलेला मी पाहिला नाही. भूल उतरत होती तरी मी दात घट्ट आवळले, तोंडातून 'बत्तीस' निघू नये म्हणून. असं जगतोय. तू उसात एक दिवस लपलास. मी अजून बाहेर आलेलो नाही.

आणि आईच्या अंत्ययात्रेला मी आलो होतो. भाड्याच्या गाडीत, काचा वर करून, दुकानाच्या पलीकडे. तू पुढचा खांदा दिला होतास. पाद्री म्हणाले असतील, मागे दोन मुलं. मी उतरलो नाही, कारण दुकानापाशी जमलेले सगळे मला खऱ्या नावानं हाक मारतील आणि गाडीचा ड्रायव्हर ऐकेल अशी भीती वाटली. ड्रायव्हर! ज्याला मी पुन्हा कधी भेटणार नव्हतो. एवढा भित्रा आहे मी.

एक वर्ष.

थोरला


बोका चिका, शुक्रवार, १५ मार्च

विल्किन,

निकाउरी, हे पत्र जरा सावकाश वाच आणि मध्ये गाळू नकोस. वाईट असेल तेही वाच.

मंगळवारी चाचणीला आपल्या गावचं एक पोरगं आलं. आडदांड, डावरं. पहिले चार चेंडू सरळ टाकले, बरे होते. पाचवा त्यानं टाकला आणि माझ्या हातातला क्लिपबोर्ड खाली पडला. चेंडू आला खांद्याच्या उंचीवर आणि ऐनवेळी गुडघ्यापाशी बसला. असा चेंडू मी आयुष्यात एकाच माणसाला टाकताना पाहिलाय.

"कुणी शिकवलं रे?"

"मयतानं," तो म्हणाला. "आमच्या इथे एक आहे. मोटारसायकली दुरुस्त करतो आणि संध्याकाळी आम्हाला शिकवतो."

"तो स्वतः टाकतो?"

"टाकतो म्हणजे? रोज पन्नास-साठ. कोपर कसला ठणठणीत आहे त्याचा! आम्ही म्हणतो, मयता, तू आमच्या वयात कुठे होतास? तो म्हणतो, उसात."

विल्किन, तुझ्या कोपराला कधीच काही झालं नव्हतं. २००० साली डॉन फेलोनं मला फोन केला होता. म्हणाला, "धाकट्यासाठी दुसरा कागद जमलाय, एक क्लब त्याला बघायला येतोय, तू काय म्हणतोस?" मी म्हणालो, त्याचा कोपर गेलाय, वेळ घालवू नका. का म्हणालो? आपण दोघं सारखे दिसतो, दोघं तिकडे पोचलो तर कुणीतरी दोन आणि दोन चार करेल, असं स्वतःला सांगितलं. तेही होतं. पण खरं कारण हे की तू माझ्यापेक्षा चांगला टाकायचास. आईला माहीत होतं, डॉन फेलोला माहीत होतं, मला सगळ्यांत आधी माहीत होतं. आणि जन्मदाखला आईनं दिला नव्हता. ती नाही म्हणाली होती. मी तिच्या गादीखालून काढून नेला.

ते पोरगं मी घेतलं. कागदावर लिहिलं, वय बरोबर आहे, शिक्षक उत्तम.

मग काल शहरातल्या नोंदणी कचेरीत गेलो. खिडकीपाशी एक चष्मेवाल्या बाई होत्या.

"कुणाचं काम आहे?"

"एलिहिओ पेगेरोचं."

त्यांनी शोधलं. "ते वारलेत."

"माहीत आहे."

"तुम्ही त्यांचे कोण?"

"मीच तो."

बाईंनी चष्मा काढला. "हे बघा साहेब, जेवायची वेळ झालीय. चेष्टा करायची तर दोननंतर या."

मी दोनपर्यंत बाकावर बसलो. दोन वाजता त्यांनी मला आत बोलावलं आणि मी सगळं सांगितलं, न थांबता, जसा आता तुला सांगतोय. मला वाटत होतं, बोललो की सुटलो. पण बाई म्हणाल्या, "तुम्ही आज जबाब दिलात तर उद्यापासून दोन्ही नावं गोठतील. कोर्टात जाईल. जिवंत कोण, मेला कोण, हे ठरायला वर्ष लागेल, दीड लागेल. तोवर त्या नावानं काही करता येणार नाही. ना तुम्हाला, ना त्यांना."

"आणि मुलीची परीक्षा?"

"जाईल."

बघ म्हणजे कसं आहे! वीस वर्षांनी खरं बोलायला गेलो तर तेही पोरीच्याच मुळावर येतंय. मला तिथेच रडू फुटलं. चाळीस वर्षांचा बाप्या, सरकारी कचेरीत, नाक पुसायला रुमाल नाही. बाईंनी टेबलावरचा कोरा कागद दिला. मग म्हणाल्या, "जबाब आज दिलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? मुलीची नोंद आधी झाली, आणि ती तिच्या खऱ्या बापानं, खऱ्या नावानं केली, तर कोर्ट उद्या ती पुसणार नाही. मी तुम्हाला नियम सांगितला. बाकी तुमचं तुम्ही बघा."

म्हणून या पाकिटात ओळखपत्र आहे. सोबत पासपोर्टही आहे. तो तुला लागणार नाही, पण माझ्याजवळ राहिला तर सोमवारी सकाळी माझे पाय दूतावासाकडे वळतील. मी स्वतःला ओळखतो. यानिराला काल रात्री फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग मी कोणाची बायको?" आणि ठेवून दिला.  मॅनेजरच्या टेबलावर चिठ्ठी ठेवलीय. मंगळवारी मी कचेरीत जाऊन जबाब देणार. पुढे काय होईल ते होवो. भीती वाटते, खूप वाटते, पण आता ती माझ्या नावाची आहे.

तर सोमवार. कचेरी आठला उघडते. सुईणीला चिची बसमध्ये घालून आणेल, साक्षीदार म्हणून तो स्वतः आणि दुकानवाला. चिचीला सांगितलंय, त्या दिवशी तुला 'मयत' म्हणाला तर दात पाडीन. ओळखपत्रावर फोटो माझा आहे, पण नाक आईचं, दोघांचं एकच. फोटोत मला मिशी नाही, तुझी काढ. बाकी त्या कार्डावर खोटं काही नाही. नाव तुझं, जन्मतारीख तुझी, आईबापही तुझे.

निकाउरी, तू बापाशेजारी उभी राहा. खिडकीतून विचारतील, "बापाचं नाव?" तो अडखळेल. एकोणीस वर्षांत त्यानं ते कुणाला सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस हं, कितीही वेळ लागला तरी. त्यालाच सांगू दे.

एलिहिओ